पोर्टेबल म्हणता, मग माझे शब्द मागे कसे राहिले?

टंकलेखिका

मंडळी, दोन दिवस डोकं फिरलंय, म्हणून इथे विचारते.

मी अनुवादाची कामं करते. शब्दसूची ठेवायला एक जुनं, छोटंसं सॉफ्टवेअर चारेक वर्षं वापरते आहे. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची की माझी हे अजून ठरायचंय. झिप उघडायची, आतल्या ईएक्सईवर (सॉफ्टवेअर चालवणाऱ्या फाइलीवर) दोनदा टिचकी मारायची, झालं सुरू. इन्स्टॉल करायची भानगड नाही. सोबतच्या माहितीपत्रकात ठसठशीत लिहिलंय की हे पोर्टेबल आहे, सगळं काही स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतं, फोल्डर उचला आणि हवं तिथे न्या.

मी तेच केलं. नवा लॅपटॉप आला, जुन्यावरचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नव्यावर उघडलं. सूची आली, पण तीन वर्षांपूर्वीची! त्यानंतर घातलेला एकही शब्द नाही. जुन्या लॅपटॉपवर मात्र परवापर्यंत सगळे शब्द दिसत होते, मी स्वतः पाहिलेत. सूची कोरी आली असती तर म्हटलं असतं, कॉपी करताना काहीतरी राहिलं. पण अर्धीच कशी येईल? तीही नेमकी जुनी अर्धी?

जुना लॅपटॉप भाचीकडे गेलाय. ती रविवारी तो फॉरमॅट करणार आहे.

शंकासुर

पेनड्राइव्ह गेला असेल कामातून. दुसऱ्यावर करून बघा.

टंकलेखिका

दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर मिळून तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. डेटा फाइलीवरची तारीखसुद्धा तीन वर्षांपूर्वीचीच दिसते.

खटपट्या

आधी भाचीला फोन करा आणि फॉरमॅट थांबवा. बाकी गप्पा मग.

झाला फोन? आता ऐका. ‘पोर्टेबल’ हा शब्द लोक फार सैल वापरतात. कुणाच्या लेखी त्याचा अर्थ इन्स्टॉल न करता चालतं एवढाच असतो. पण ईएक्सई पेनड्राइव्हवरून चालली म्हणून तिची सेटिंग पेनड्राइव्हवरच राहतील असं नाही. ती बिनदिक्कत यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, जाऊन बसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. इथे विंचू पुढे निघून येतो आणि बिऱ्हाड आधीच्या मशीनवर.

खरं पोर्टेबल ते, ज्याचं सेटिंग आणि डेटा फोल्डरच्या बाहेर जात नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होत नाही, खूण ठेवावी लागते. व्हीएस कोड या प्रोग्रामिंगच्या एडिटरची झिप उघडली की ते लगेच चालतं, पण ईएक्सईशेजारी ‘डेटा’ नावाचं रिकामं फोल्डर केलं नाहीत तर सेटिंग आणि एक्स्टेन्शन दोन्ही यूजर फोल्डरमध्ये जातात. नोटपॅड++ शेजारी ‘डूलोकलकॉन्फ’ नावाची एक्सएमएल फाइल शोधतं. ती आतून रिकामी असली तरी चालते, असण्याशी मतलब. स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएसला ‘पोर्टेबल_मोड’ नावाची टेक्स्ट फाइल लागते. बूट होणारे पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रूफसची तर गंमतच, फाइलच्या नावात आवृत्तीच्या आकड्यामागे ‘पी’ अक्षर असलं की तो स्वतःला पोर्टेबल समजतो आणि शेजारी आपली आयएनआय, म्हणजे सेटिंगची साधी टेक्स्ट फाइल तयार करतो.

तेव्हा जुन्या लॅपटॉपवर ॲपडेटामध्ये शोधा. रोमिंग आणि लोकल, दोन्हीकडे.

टंकलेखिका

भाचीने दोन्हीकडे पाहिलं. सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर कुठेच नाही. रजिस्ट्रीत नाव शोधलं, तिथेही काही नाही. फॉरमॅट रविवारपर्यंतच थांबेल म्हणाली, पोरगी हट्टी आहे.

जुना_डॉसवाला

तुमचं कोडं सुटेल तेव्हा सुटेल, मी तोवर जुनं उगाळतो. पोर्टेबल म्हणजे काहीतरी नवी सोय आहे असं लोक बोलतात तेव्हा हसू येतं. डॉसच्या काळात जवळपास सगळंच पोर्टेबल होतं. डिरेक्टरी कॉपी केली, काम झालं. इन्स्टॉलर हा मागाहून आलेला पाहुणा, तो घरमालक होऊन बसला.

विंडोज ३ च्या दिवसांत सेटिंग आयएनआय फाइलींमध्ये असायची. त्यातही आळशी लोक स्वतःची फाइल न करता विंडोजच्याच विन.आयएनआयमध्ये आपल्या ओळी घुसडायचे, आणि ती फाइल फुगत जायची. रजिस्ट्री १९९२ साली ३.१ मध्ये आली, पण तिचं काम तेव्हा मर्यादित होतं. विंडोज ९५ पासून सगळ्यांनी तिच्यात सेटिंग ठेवावीत असा दंडक झाला. एका मशीनवर चार यूजर असतील तर प्रत्येकाचं सेटिंग वेगळं राहावं, हा विचार चुकीचा नव्हता. पण त्या दिवसापासून सॉफ्टवेअर आणि त्याचं सेटिंग यांची ताटातूट झाली ती झालीच.

मग २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह आले, पहिले ८ एमबीचे होते, आणि लोकांना पुन्हा वाटू लागलं की आपलं सामान आपल्या खिशात असावं. २००५ च्या आसपास सॅनडिस्क आणि एम-सिस्टम्स यांनी यू३ नावाचे पेनड्राइव्ह काढले. त्यात एक भाग मशीनला सीडी वाटायचा, म्हणजे लावल्या लावल्या मेन्यू आपोआप उघडायचा. काही वर्षांत ते बंद पडलं. टिकलं ते पोर्टेबलॲप्स. जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्सची पोर्टेबल आवृत्ती केली, तिथून ते सुरू झालं. अजून चालू आहे.

शंकासुर

पोर्टेबलॲप्सवाले मूळ सॉफ्टवेअर बदलतात का? म्हणजे त्यांचं फायरफॉक्स आणि मूळ फायरफॉक्स एकच का?

जुना_डॉसवाला

आतला माल शक्यतो तोच असतो, बाहेर एक मुकादम बसवलेला असतो. त्यांच्या फोल्डरात ‘ॲप’, ‘डेटा’ आणि ‘अदर’ अशी तीन फोल्डरं दिसतील. मूळ सॉफ्टवेअर ‘ॲप’मध्ये, तुमचं सगळं ‘डेटा’मध्ये. तुम्ही टिचकी मारता ती लाँचरवर. तो आधी डेटामधून सेटिंग काढून जागच्या जागी मांडतो, ज्यांना रजिस्ट्रीशिवाय चैन पडत नाही त्यांच्या नोंदी रजिस्ट्रीत घालतो, तिथे आधीच कुणाच्या नोंदी असतील तर त्या बाजूला काढून ठेवतो आणि मग सॉफ्टवेअर सुरू करतो. बंद केलंत की उलट क्रमाने सगळं आवरतो. पाहुणा म्हणून गेलो तर जाताना अंथरूण घडी घालून जावं, तसं.

म्हणूनच सॉफ्टवेअर चालू असताना पेनड्राइव्ह उपटू नये. मुकादमाला आवरायला वेळच मिळत नाही आणि पसारा दुसऱ्याच्या मशीनवर राहतो.

रात्रपाळी

मी एका कंपनीत मशीन सांभाळतो, त्यामुळे माझा सूर थोडा वेगळा लागेल.

वर कुणी म्हटलं नाहीये, पण असे धागे दहाव्या प्रतिसादाला हमखास ‘काही मागमूस राहत नाही’वर येतात. राहतो. पेनड्राइव्ह लावला की त्याचा सीरियल नंबर रजिस्ट्रीत यूएसबीस्टोर खाली नोंदला जातो. पहिल्यांदा कधी लावला ते सेटअपएपीआयच्या लॉगमध्ये येतं. ईएक्सई चालवली की विंडोजच्या प्रीफेच फोल्डरमध्ये तिच्या नावाची फाइल होते, विंडोज ८ पासून अशा १०२४ फायली ठेवल्या जातात. रजिस्ट्रीतल्या यूजरअसिस्टमध्ये तुम्ही ती किती वेळा उघडली तो आकडा असतो. उघडलेल्या कागदपत्रांची नावं रिसेंटमध्ये जातात. यातलं काहीच ते सॉफ्टवेअर करत नाही, विंडोज करते, त्यामुळे सॉफ्टवेअर कितीही सोवळं असलं तरी फरक पडत नाही. पोर्टेबल म्हणजे सामान सोबत नेण्याची सोय. अदृश्य होण्याची नव्हे.

दुसरं, ऑफिसच्या मशीनवर ‘इन्स्टॉल करता येत नाही ना, मग पोर्टेबल आणतो’ हा शहाणपणा करू नका. ॲपलॉकर म्हणजे काय चालू द्यायचं ते ठरवणारा विंडोजचा पहारेकरी, त्याचे मूळ नियम साध्या यूजरला फक्त विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांमधल्याच ईएक्सई चालवू देतात. पेनड्राइव्हवरची चालणारच नाही, आणि प्रयत्न केल्याची नोंद मात्र इव्हेंट लॉगमध्ये पडेल. ती वाचायचं काम माझ्यासारख्याकडे असतं. हवं असेल ते मागा. आम्ही दिसतो तेवढे वाईट नसतो.

शंकासुर

पण इन्स्टॉल न होणारी गोष्ट मशीनचं काय बिघडवणार?

रात्रपाळी

इन्स्टॉल होणं आणि चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चालणारी ईएक्सई तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. तुम्हाला वाचता येणारी फाइल तिला वाचता येते, तुम्हाला पुसता येणारी फाइल तिला पुसता येते. मालवेअर हे जगातलं सगळ्यात पोर्टेबल सॉफ्टवेअर आहे, ते कधी परवानगी विचारत ‘पुढे, पुढे, समाप्त’ करत बसत नाही. २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म पसरला, त्याच्या वाटांपैकी एक पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणारी ऑटोरन फाइल होती. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तोच अपडेट दिला गेला.

आणि फोटोशॉपची ‘पोर्टेबल’ आवृत्ती शोधणाऱ्यांसाठी: ॲडोबीने अशी आवृत्ती कधी काढलेली नाही. जे मिळतं ते कुणीतरी फोडून पुन्हा बांधलेलं असतं, आणि बांधताना आत आणखी काय भरलंय ते त्यालाच ठाऊक.

कळफलक

टंकलेखिका, एक विचारते. जुन्या लॅपटॉपवर हे फोल्डर नेमकं कुठे होतं?

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवर ॲपइमेज आहे, एकच फाइल, तिला एक्झिक्यूट करायची परवानगी दिली की चालते. पण खटपट्यांनी सांगितलेली गोची तिथेही आहेच, सेटिंग होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये जातं. सोबत न्यायचं असेल तर ॲपइमेजच्या पूर्ण नावापुढे ‘.होम’ जोडून त्या नावाचं फोल्डर शेजारी करा, मग ती त्यालाच आपलं घर समजते. नव्या उबुंटूवर (२२.०४ पासून) फ्यूज२ ची लायब्ररी आधीपासून नसते म्हणून बऱ्याच ॲपइमेज उघडत नाहीत आणि लोक फाइलला दोष देतात. ती लायब्ररी टाकली की चालतात.

शंकासुर

मॅकवर तर सगळंच ओढून टाकायचं असतं, म्हणजे सगळं पोर्टेबल?

पेंग्विनप्रेमी

दिसायला. ॲप हे एक फोल्डरच असतं हे खरं, पण सेटिंग यूजरच्या लायब्ररी फोल्डरमध्ये जातं. शिवाय २०१६ च्या मॅकओएस सिएरापासून, इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप जागचं न हलवता तिथूनच उघडलं तर सिस्टम त्याला भलत्याच, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवते. शेजारची सेटिंग फाइल त्याला दिसतच नाही. फाइंडरमधून ॲप दुसरीकडे हलवलं की हा प्रकार थांबतो.

खटपट्या

कुठलंही सॉफ्टवेअर खरोखर पोर्टेबल आहे का हे कुणाच्या सांगण्यावर न ठेवता तपासता येतं. सिसइंटर्नल्सचा प्रोसेस मॉनिटर घ्या, तोही इन्स्टॉल करावा लागत नाही. फिल्टरमध्ये आपल्या ईएक्सईचं नाव टाका, आणखी एक फिल्टर ‘कॅटेगरी इज राइट’ असा लावा, आणि मग सॉफ्टवेअर नेहमीसारखं वापरा. एखादं सेटिंग बदला, फाइल सेव्ह करा, बंद करा. ते कुठे कुठे लिहितंय त्याची यादी समोर येते. पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल, पण बऱ्याच ओळी विंडोजच्या स्वतःच्या असतात. फोल्डरच्या बाहेर त्या सॉफ्टवेअरच्या नावाने काही दिसलं तर समजा.

गंमत म्हणजे सिसइंटर्नल्सची हत्यारं स्वतःच या परीक्षेत काठावर पास होतात. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. प्रत्येक हत्यार पहिल्यांदा उघडताना करार मान्य आहे का विचारतं, आणि ‘मान्य’ म्हटलं की ते रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. म्हणून दुसऱ्या मशीनवर ते पुन्हा विचारतं.

आता ब्राउझर, कारण यात लोक हमखास फसतात. क्रोम किंवा त्यावर बेतलेला ब्राउझर पेनड्राइव्हवर ठेवला आणि दुसऱ्या मशीनवर उघडला तर बुकमार्क येतात, साठवलेले पासवर्ड येत नाहीत. ते डीपीएपीआय या विंडोजच्या कुलपाने बंद केलेले असतात आणि त्याची किल्ली त्या मशीनवरच्या तुमच्या यूजर खात्याशी बांधलेली असते. फाइल येते, किल्ली येत नाही. फायरफॉक्सची किल्ली प्रोफाइल फोल्डरमध्येच असते, म्हणून ते सोबत नेता येतं. पण मग पेनड्राइव्ह ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डही मिळतील. प्रायमरी पासवर्ड घातल्याशिवाय फायरफॉक्स पेनड्राइव्हवर ठेवू नका. त्यापेक्षा पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवूच नका, कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची झिप आवृत्ती घ्या.

टंकलेखिका

कळफलक, सी ड्राइव्हवर, प्रोग्राम फाइल्समध्ये. आधी वर्षभर डाउनलोड्समध्ये होतं. मग एकदा आवराआवर केली तेव्हा म्हटलं सॉफ्टवेअर सॉफ्टवेअरच्या जागी असावं, म्हणून तिकडे हलवलं. का बरं?

कळफलक

साधारण तीन वर्षांपूर्वी हलवलंत का?

टंकलेखिका

अं... हो. थांबा, म्हणजे?

कळफलक

म्हणजे तुमचे शब्द सापडले, बहुतेक. आणि तुम्ही काही वावगं केलेलं नाही. नीटनेटकेपणा नडला.

फोल्डर तिथे टाकताना ‘ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल, पुढे जाऊ का’ असा प्रश्न आला असेल आणि तुम्ही ‘कंटिन्यू’ दाबलं असेल. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या यूजरला लिहायची मुभा नसते, वाचायची असते. तुमचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं, ते आपल्याच फोल्डरमध्ये लिहायला गेलं. खरं तर विंडोजने त्याला ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा असं लिहिणारी सॉफ्टवेअर इतकी होती की ‘नाही’ म्हटलं असतं तर निम्मी बंद पडली असती. म्हणून विंडोजने एक सोयीची थाप मारायचं ठरवलं. ३२ बिटवालं, आपल्याला कोणते अधिकार लागतात हे मॅनिफेस्टमध्ये (सॉफ्टवेअरच्या स्वतःविषयीच्या माहितीत) न सांगणारं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी लिहायला आलं की विंडोज त्या फाइलची प्रत यूजरच्या फोल्डरमध्ये काढते आणि बदल त्या प्रतीत लिहिते. वाचायला आलं तरी तीच प्रत पुढे करते. सॉफ्टवेअरला वाटतं की आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहितोय.

म्हणजे हलवलंत त्या दिवशी जी डेटा फाइल होती, ती प्रोग्राम फाइल्समध्ये जशीच्या तशी गोठून राहिली. तुम्ही कॉपी केलीत ती हीच. तीन वर्षांचे शब्द दुसऱ्या प्रतीत जमत गेले, आणि ते फक्त त्या सॉफ्टवेअरला दिसतात. साध्या फाइल एक्सप्लोररला प्रोग्राम फाइल्समध्ये गोठलेली मूळ फाइलच दिसते.

जागा सांगते. सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या खात्याचं नाव, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, आणि त्याच्या आत प्रोग्राम फाइल्स किंवा प्रोग्राम फाइल्स (एक्स८६). भाचीला दिसलं नाही कारण ॲपडेटात वरवर पाहिलं तर तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसत नाही, ते दोन पायऱ्या आत असतं.

खात्री करायची असेल तर त्या आधी एक प्रयोग करा. जुन्या लॅपटॉपवर ईएक्सईवर उजवी टिचकी मारून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्याला विंडोज ही थाप मारत नाही, त्यामुळे तिथेसुद्धा तीन वर्षांपूर्वीचीच सूची दिसेल. फक्त काही सेव्ह न करता बंद करा.

जुना_डॉसवाला

वा! दंडवत घ्या. वाखु (वाचनखूण) साठवली.

रात्रपाळी

कळफलक, बरोबर ताडलंत. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं, मी पसारा मोजत बसलो. पुरवणी जोडतो: टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा रकाना चालू करता येतो. ज्याच्यापुढे ‘एनेबल्ड’ दिसेल, त्याला ही थाप मारली जातेय. ६४ बिटवाल्यांना ती मुळीच मिळत नाही, त्यांना सरळ नकार मिळतो.

शंकासुर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(पेनड्राइव्हच खराब आहे असं पुन्हा लिहिलं होतं. वरचं वाचलं नव्हतं.)

टंकलेखिका

भाचीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर तीन वर्षांपूर्वीची सूची! साधी उघडल्यावर आजची! मला तर भुताटकी वाटली असती.

व्हर्च्युअलस्टोअरमध्ये फाइल सापडली, तारीख गेल्या आठवड्याची. तिने मेल केली. नव्या लॅपटॉपवर जुनी फाइल नाव बदलून बाजूला ठेवली, ही तिच्या जागी टाकली. ४,३१२ शब्द, सगळे. कळफलक, कसे आभार मानू कळत नाही. चूक सॉफ्टवेअरची नव्हती म्हणायची, ते बिचारं आपल्याच फोल्डरमध्ये लिहीत होतं.

आता हे ठेवू कुठे? पेनड्राइव्हवरूनच चालवू का कायम?

खटपट्या

नको. पेनड्राइव्ह बारीकसारीक फायली सारख्या लिहिण्यात फार मंद असतात, आणि एक दिवस न सांगता जातात. काम लॅपटॉपवर करा, पेनड्राइव्ह ने-आण करण्यापुरता. यूजर फोल्डरमध्ये ‘हत्यारं’ नावाचं एक फोल्डर करा आणि सगळी पोर्टेबल मंडळी तिथे ठेवा, तिथे लिहायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर टाळा. सॉफ्टवेअर लिहीत असताना सिंकवाला मध्येच फाइल उचलतो आणि दोन मशीनवर उघडलं असेल तर एकाच्या दोन प्रती होतात. तुम्हाला प्रतींचा आता चांगलाच अनुभव आहे.

पेनड्राइव्हवर ठेवायचंच असेल तर फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही हे लक्षात असू द्या. एक्सफॅटवर मावते, पण दोन्हीत जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरायची नोंद, नसतं, म्हणून लिहिणं चालू असताना उपटलं तर फाइल मोडू शकते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ आधीपासून चालू असतं म्हणून लोक इजेक्ट करायचं सोडून देतात. पण उघडं सॉफ्टवेअर मध्येच तुटलं तर त्याला ते कसं वाचवणार?

कळफलक

आणखी एक, ड्राइव्हचं अक्षर. एका मशीनवर पेनड्राइव्ह ‘ई’ असतो, दुसऱ्यावर ‘एफ’. सॉफ्टवेअरने पूर्ण पत्ता लिहून ठेवला असेल तर ते ‘ई’ शोधत बसतं. चांगली सॉफ्टवेअर पत्ता स्वतःच्या जागेपासून मोजतात. तुमच्या सूचीत बाहेरच्या फायलींचे दुवे असतील तर ते तपासा.

आणि डाउनलोड्समधून सॉफ्टवेअर चालवण्याची सवय मात्र परत नको. ईएक्सई आपल्या डीएलएल (तिला लागणाऱ्या जोडफायली) आधी स्वतःच्या शेजारी शोधते. डाउनलोड्समध्ये कुठल्या साइटने काय टाकलंय याचा आपल्याला पत्ता नसतो, त्याच नावाची भलती डीएलएल तिथे पडलेली असेल तर ईएक्सई तीच उचलेल. तेव्हा झिप नेहमी स्वतंत्र, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा.

शंकासुर

अपडेटचं काय? इन्स्टॉल केलेली आपोआप होतात.

रात्रपाळी

ही पोर्टेबलची खरी दुखरी बाजू. पेनड्राइव्हवर पडलेला दोन वर्षांपूर्वीचा ब्राउझर घेऊन फिरणं म्हणजे उघडं दार सोबत घेऊन फिरणं. पोर्टेबलॲप्सचा मेन्यू आपल्या यादीतली अपडेट शोधतो. झिपवाल्यांचं तुम्हालाच बघावं लागतं. विंडोजवर स्कूप नावाचा पॅकेज मॅनेजर आहे, तो सॉफ्टवेअर यूजर फोल्डरमध्ये उतरवतो, ॲडमिनिस्ट्रेटर मागत नाही, आणि सेटिंग ‘पर्सिस्ट’ या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून आवृत्ती बदलली तरी ती जात नाहीत. कमांड लाइनची भीती नसेल तर बघा.

झिप हाताने अपडेट करताना जुन्या फोल्डरवर नवी ओतू नका. शेजारी नवं फोल्डर उघडा, डेटा तिकडे न्या, चालतंय बघा, मग जुनं पुसा. साइटवर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा) दिला असेल तर पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशने तो जुळवून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पेंग्विनप्रेमी

अवांतर: नव्या मशीनवर पोर्टेबल सॉफ्टवेअर ‘व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही’ म्हणून रडलं तर घाबरू नका. त्याला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रनटाइम लागतं, जुन्या मशीनवर ते दुसऱ्या कुणीतरी आधीच टाकलेलं असतं. आपल्याला वाटतं की सॉफ्टवेअर एकटं राहत होतं. ते शेजाऱ्याच्या भांड्यांवर संसार करत होतं.

टंकलेखिका

‘हत्यारं’ फोल्डर केलं, सगळं तिथे हलवलं, टास्क मॅनेजरमध्ये रकानाही चालू करून बघितला. ‘एनेबल्ड’ दिसतंय, पण दोन नवे शब्द घातले आणि ते ‘हत्यारं’मधल्याच फाइलीत उतरले. बरोबर ना?

कळफलक

बरोबर. ‘एनेबल्ड’ म्हणजे गरज पडली तर थाप मारायची सोय आहे एवढंच. जिथे लिहायची परवानगी आहे तिथे गरज पडत नाही. फाइलीची तारीख बदललेली दिसली ना, मग झालं.

टंकलेखिका

बदलली. आजची, आत्ताची.

जाता जाता. फाइल शोधताना भाचीला त्याच व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आणखी एक फोल्डर दिसलं. लहानपणी ती माझ्या लॅपटॉपवर एक गेम खेळायची, त्याचे सगळे सेव्ह तिथे जपून ठेवलेले आहेत. गेम कधीच काढून टाकला होता. सातव्या पातळीवर अडकली होती म्हणे. आता ती गेमची सीडी शोधते आहे आणि फॉरमॅट पुढच्या रविवारवर गेलाय.